इन्स्टाग्रामवरील थेट संदेशांतून दुकानदारांशी व्यावसायिक संबंध कसे जुळवावेत?

आपण घरगुती मसाले तयार करता आणि किराणा दुकानांना इन्स्टाग्रामवर दरपत्रक पाठवूनही उत्तर येत नाही, असे आपण लिहिले आहे. याचे एक कारण तांत्रिक आहे: जो आपल्याला फॉलो करत नाही, त्याच्याकडे आपला संदेश सहसा 'मेसेज रिक्वेस्ट'च्या वेगळ्या कप्प्यात पडतो, आणि तो कप्पा नेमाने उघडणारे दुकानदार थोडेच. म्हणून आधी त्यांच्या पोस्टवर नेमकी प्रतिक्रिया देत राहावे, म्हणजे नाव ओळखीचे होते.

पहिल्या संदेशात विक्री नकोच. "आपल्या स्टोरीतला गोडा मसाला पाहिला, आपल्याकडचे गिऱ्हाईक दगडफुलाचा वास ठळक असलेला मागते की सौम्य?" अशा प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते, कारण ते त्या दुकानदारालाच ठाऊक असते आणि सांगायला त्याला आवडते, शिवाय त्यातून कोणता नमुना पाठवावा हेही आपल्याला कळते.

व्यवहार ठरू लागला की बोलणे व्हॉट्सॲप बिझनेसवर न्यावे. तेथे संभाषणांना लेबले लावता येत असल्यामुळे नमुना कोणाला गेला आणि पैसे कोणाकडून यायचे आहेत, हे शोधत बसावे लागत नाही. तयार उत्तरांची सोय पत्ता किंवा दर कळवण्यापुरतीच वापरावी.

उत्तर न आल्यास आठवडाभराने एकदाच आठवण करावी, तगादा लावू नये. दिवाळीला शुभेच्छांचे फॉरवर्ड केलेले चित्र, माझ्या मते, न पाठवलेलेच बरे. त्याऐवजी मागच्या खेपेचा मसाला कसा खपला, हे विचारावे.