उत्तर : लेखी परवानगी हातात नसेल तर नमुन्यांची बोट रद्द करा

नमस्कार. आपण लिहिले आहे की सिंधुदुर्गातील आपल्या महाविद्यालयात तरुण संशोधक आणि कनिष्ठ अधिकारी यांच्यासाठी विज्ञान-राजनयाचे, म्हणजे देशादेशांच्या संबंधांत विज्ञानाचा उपयोग करण्याचे, पाच दिवसांचे प्रशिक्षण ठरले आहे, वीस जणांपैकी तिघे परदेशी आहेत, तिसऱ्या दिवशी मालवणहून बोटीने जाऊन प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, नमुने घ्यायचे आहेत आणि त्यासाठी तीन महिन्यांपूर्वी केलेल्या अर्जाला अद्याप उत्तर नाही. कार्यालयातील एका गृहस्थांनी फोनवर मात्र "उत्तर आले नाही म्हणजे हरकत नाही असे समजा" असे सांगितले. हे वाक्य वाचून मी हातातला चहा खाली ठेवला, कारण काही वर्षांपूर्वी रत्नागिरीत मी हेच वाक्य जवळपास याच शब्दांत ऐकले होते.

व्हिसा, निवास, वक्ते यांविषयी लिहीत नाही. ते आपण पाहिले असणारच. विज्ञान-राजनयाचे तीन प्रकारही पहिल्या सत्रातील वक्ते सांगतीलच.

आमच्या प्रशिक्षणात अठरा जण होते आणि त्यांपैकी चौघे परदेशी होते. ऑक्टोबरात अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला आणि फेब्रुवारीपर्यंत वाट पाहिली. त्याच सुमारास सत्रासाठी मी संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायदा करार वाचत होतो. त्याच्या कलम २४८ प्रमाणे दुसऱ्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात) संशोधन करायचे असल्यास सहा महिने आधी माहिती द्यावी लागते, आणि कलम २५२ प्रमाणे किनारी देशाने चार महिन्यांत आक्षेप किंवा शंका कळवली नाही तर सहा महिन्यांनंतर संशोधन सुरू करता येते. मौनाला संमती मानणारे हे कलम मला इतके आवडले की फोनवरचे ते वाक्य मला कायद्याला धरूनच वाटले. ही माझी घोडचूक. ते कलम राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांच्यासाठी आहे. शिवाय बारा सागरी मैलांच्या आत, जिथे आमची बोट जाणार होती, तिथे त्याच कराराच्या कलम २४५ नुसार स्पष्ट संमती लागते. आणि हे सारे बाजूला ठेवले तरी २००२ च्या जैवविविधता कायद्याचे कलम ३ उरतेच : परदेशी व्यक्तीला भारतातील जैविक संसाधन संशोधनासाठी घ्यायचे असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी हवी. प्लवक डोळ्यांना दिसत नसले म्हणून कायद्यालाही दिसत नाहीत असे नाही.

मिरकरवाड्याहून बोट सुटली. श्रीलंकेच्या एका संशोधिकेने जाळे स्वतः ओढले, बारा बाटल्या भरल्या, फॉर्मलिन घातले आणि प्रत्येक झाकणावर तिने नीटस अक्षरात वेळ व खोली लिहिली. परत आलो तेव्हा धक्क्यावर दुसऱ्याच एका खात्याचे दोन कर्मचारी उभे होते. त्यांनी कागद मागितला. माझ्याकडे आवक शिक्क्याची प्रत होती आणि ती दाखवताना तिची किंमत मला तिथेच कळली. पंचनामा झाला, बाटल्या लाख लावून गेल्या, आणि पुढचे दोन दिवस वाटाघाटींच्या सत्राऐवजी जबाब देण्यात गेले. त्या संशोधिकेकडे तिच्या संस्थेने खुलासा मागितला. तिचा काहीएक दोष नव्हता, आणि त्याबद्दल मी आजही तिला नीट पत्र लिहू शकलेलो नाही.

एप्रिलात त्या कार्यालयाचे उत्तर आले : "सदर विषय या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नाही. योग्य त्या प्राधिकरणाकडे अर्ज करावा." योग्य ते प्राधिकरण कोणते, हे त्यात नव्हते. सहा महिने अर्ज जवळ ठेवून घेऊन एवढी दोन वाक्ये लिहिणाऱ्याबद्दल मला जे वाटते ते इथे लिहिण्यासारखे नाही, म्हणून ते कार्यालयही सांगत नाही. आपणही आपल्या कार्यालयाचे नाव इथे लिहू नये, कारण काम पुन्हा त्यांच्याकडेच असते.

म्हणून बोट ठेवायची असेल तर ती फक्त पाहण्यासाठी ठेवा आणि जाळे किनाऱ्यावरच राहू द्या. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा नुसत्या फेरीसाठीही वन विभागाला आधी लेखी विचारा. मी वकील नाही. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्त्या झाल्या आहेत, त्या जाणकाराला विचारूनच पुढे जा.

मोकळ्या झालेल्या वेळेत काय करावे, याबद्दल माझे मत ठाम आहे आणि ते सर्वांना पटेलच असे नाही. प्रशिक्षणार्थींना परवानगीचा अर्जच लिहायला लावा : कोणत्या अधिकाऱ्याला, कोणत्या कलमाखाली, नमुन्यांचे पुढे काय होणार, निष्कर्ष कोणाला देणार. आम्ही नंतरच्या वर्षी हे केले, तेव्हा अठरापैकी तिघांनाच नमुन्यांच्या मालकीचा मुद्दा सुचला. बाकीच्यांच्या अर्जांत संशोधनाचे महत्त्वच तीन पाने चालले होते.

दुसरा सराव कासवांचा. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात कासव बाहेर पडण्यासाठी गजांची जाळी आणि झडप बसवावी, ही अमेरिकेची आयातीसाठीची अट होती. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी तिच्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, आणि १९९८ च्या अपील निर्णयात अट लागू करण्याच्या पद्धतीतील भेदभावावर बोट ठेवले गेले, कासवे वाचवण्याच्या हेतूवर नव्हे. काही वर्षांपूर्वी याच अटीवरून अमेरिकेने समुद्रात पकडलेल्या भारतीय कोळंबीची आयात थांबवली. वेळासच्या कासवांमुळे आणि मिरकरवाड्याच्या ट्रॉलरांमुळे हा विषय आपल्या मुलांच्या ओळखीचा असतो. आम्ही एका तांडेलालाच, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याला, वाटाघाटीच्या मेजावर बसवले. त्याने शांतपणे विचारले, "कासव सुटले ते बरेच झाले, पण त्याच्याबरोबर माझी कोळंबी किती जाते तेवढे सांगा." आमचा हुशार संशोधक सात मिनिटे बोलला आणि आकडा आला नाही. अनिश्चितता दोन वाक्यांत सांगता येणे, हे ज्याला जमत नाही त्याला दिल्लीला किंवा इटलीतील त्रिएस्तेच्या विज्ञान-राजनय अभ्यासक्रमाला पाठवण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

जाता जाता : तारखा बदलणे शक्य असेल तर जून पाहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे बोटमालक आणि तांडेल घरी सापडतात आणि दिवसभर बसतात. पावसात वीज जाते, तेवढी जनरेटरची सोय करावी लागेल.

बोटवाल्याला आगाऊ रक्कम दिली असेल तर त्याला आजच फोन करा. आधी कळवले तर डिझेल भरण्यापूर्वी तो बहुधा ऐकतो. कासवांच्या सरावातील भूमिकांचे कागद माझ्याकडे मराठीत आहेत. खासगी संदेशात पत्ता दिलात तर पाठवतो.