संकटात देव आठवला, याची लाज बाळगू नकोस

काल तू म्हणालास, "गरज पडली म्हणून देवाकडे आलो, हे स्वार्थीच ना?" अरे, गीतेच्या 7व्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत, त्यांत पहिलं नाव आर्ताचं, म्हणजे दुःखानं कासावीस झालेल्याचं! आणि त्या चौघांनाही 'सुकृती', पुण्यवानच म्हटलंय. तुकोबांनी तर दुष्काळ सोसला, घरातली माणसं गमावली, दिवाळं निघालं. नंतर ते देवाला म्हणाले, बरंच झालं, त्यामुळंच तुझं चिंतन राहिलं.

पण हे त्यांनी स्वतःबद्दल म्हटलं, एवढं ध्यानात ठेव. दुसऱ्याच्या दुःखाला 'देवाची हाक' म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. तिथं नुसतं शेजारी बसावं.

माझं सांगतो. वडील गेले तेव्हा कित्येक वर्षांनी जपमाळ हातात घेतली. बोटं थरथरत होती, मणी दोन-दोन सरकत होते, नाम पुरतं तोंडात येत नव्हतं. मी रागानंच बोलत होतो त्याच्याशी. तरी बोलत होतो, आणि माझं परतणं तिथूनच सुरू झालं. शिक्षा म्हणून मला ते कधीच वाटलं नाही.

औषधपाणी, कामधंदा सोडू नकोस. रात्री पाच मिनिटं बस. रडू आलं तर रड.