सिटाग्लिप्टिन : एक पेटंट संपलंय, दुसरं नुसतं बंद पडलंय

तुम्ही लिहिलंय की बेळगावच्या उद्यमबागेतल्या युनिटमध्ये लोन लायसन्सवर (म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल बनवून घ्यायच्या परवान्यावर) सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाच्या 100 मिग्रॅच्या गोळ्या काढायच्या आहेत. एपीआयवाल्याने (गोळीतलं मूळ औषधी द्रव्य पुरवणाऱ्याने) दोन पेटंटांचे स्क्रीनशॉट पाठवलेत आणि तो म्हणतो, "दोन्ही संपलीत, बिनधास्त माल उचला." तुमचा दुसरा स्क्रीनशॉट बघून लगेच लिहायला बसलो. आम्ही नेमके तिथेच अडकलो होतो.

पहिल्याची काळजी सोडा. 209816 हे मूळ रेणूचं पेटंट. आंतरराष्ट्रीय अर्ज 5 जुलै 2002 चा, आणि भारतात 20 वर्षं तिथूनच मोजतात. पेटंट मंजूर झाल्याची तारीख धरायची नाही, अमेरिकेच्या पेटंट यादीतली तर नाहीच. जुलै 2022 ला मुदत भरली, विषय मिटला.

दुसरं औषध बनवायच्या प्रक्रियेचं आहे आणि त्याच्यापुढे कारण काय लिहिलंय ते वाचा : नूतनीकरण फी भरली नाही. म्हणजे मुदत संपलेली नाही, पेटंट फक्त बंद पडलंय. पेटंट कायद्याच्या कलम 60 खाली मालकाला बंद पडल्यापासून 18 महिन्यांत ते पुन्हा चालू करून घ्यायला अर्ज करता येतो. आम्ही एका कार्यालयात तोंडी विचारलं, तिथे मान वर न करता "दोन्ही एकच" असं उत्तर मिळालं, आणि त्या भरवशावर गोळ्यांच्या पाकिटाची फॉइल छापून घेतली. पेटंट पूर्ववत झालं. फॉइल आणि एपीआय दोन्ही गोडाऊनमध्ये पडून राहिले. त्या माणसाला ना सही करायची होती, ना भरपाई द्यायची होती! म्हणून कळकळीने सांगतो, तोंडी उत्तरावर एक रुपयाही गुंतवू नका. कलम 153 खाली फी भरून लेखी माहिती मागता येते, तीच मागा.

आपला बेळगाव जिल्हा चेन्नई पेटंट कार्यालयाकडे येतो, कोल्हापूर मुंबईकडे. शोध घेताना मात्र हा भेद विसरा, कारण पेटंट देशभर लागू असतं. अर्ज दिल्लीत झालेला असो की कोलकात्यात, आपल्याला बांधतोच.

बंद असण्याच्या काळात कुणी काम सुरू केलं असेल तर कलम 62 त्याला थोडं संरक्षण देतं, पण कागद हवेत : खरेदीची बिलं, बॅच रेकॉर्ड, सगळं तारखेसह. मालकाचा पेटंट पुन्हा चालू करण्याचा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर 2 महिन्यांत विरोधही नोंदवता येतो. त्यासाठी नोंदीवर लक्ष ठेवावं लागतं, ते एपीआयवाला तुमच्यासाठी करणार नाही.

"आम्ही फक्त गोळी दाबतो, प्रक्रियेशी आमचा काय संबंध?" असं बरेच जण म्हणतात. संबंध आहे. कलम 48 प्रमाणे त्या प्रक्रियेतून थेट मिळालेला माल वापरणं, विकणं, आयात करणं हेही मालकाच्या हक्कात येतं.

आणि इथेच संपलेल्या पेटंटची मर्यादा कळते. रेणू मोकळा झाला, त्याकडे जाणारा स्वस्त रस्ता मोकळा झालाच असं नाही. मूळ पेटंटमधल्या उदाहरणांत डायझोमिथेन हे रसायन वापरलंय. ते विषारी, वर स्फोटाचा धोका. टनावारी माल त्या वाटेने कुणी काढत नाही. ऱ्होडियम धातूच्या मदतीने हायड्रोजन जोडणं (हायड्रोजनेशन) किंवा एन्झाइमची वाट, या दोन्ही नंतर आल्या आणि त्यांची पेटंटं वेगळी. सीओएवर (मालासोबतच्या तपासणी दाखल्यावर) ऱ्होडियमची मर्यादा दिसली तर माल कुठल्या वाटेने आला याचा अंदाज येतो. तरी पुरवठादाराकडून प्रक्रिया लिहून घ्या, आणि दावा लागला तर भरपाई तो देईल असं हमीपत्रही. द्यायला कां-कूं केली तर दुसरा बघा.

जुन्या पेटंटच्या मजकुरात अशुद्धींचंही सगळं सापडणार नाही. एनटीटीपी हे नायट्रोसामाइन (कर्करोगाची शक्यता असलेल्या अशुद्धींपैकी एक) 2022 मध्ये पुढे आलं. अमेरिकेची मर्यादा दिवसाला 37 नॅनोग्रॅम, म्हणजे 100 मिग्रॅच्या एका गोळीला 0.37 पीपीएम (दहा लाखांत 0.37 भाग). त्याचा रिपोर्ट प्रत्येक लॉटला मागा.

क्षाराचं, म्हणजे औषध ज्या संयुगाच्या रूपात येतं त्याचं, वजनही तपासा. 100 मिग्रॅ सिटाग्लिप्टिनसाठी फॉस्फेट मोनोहायड्रेट 128.5 मिग्रॅ लागतं, बिनपाण्याचं फॉस्फेट 124.1, हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेट 113.4. पुरवठादाराने क्षार बदलला आणि बॅचशीटवर 128.5 तसाच राहिला, तर हायड्रोक्लोराइडच्या गोळीत 113 मिग्रॅ औषध उतरतं. अ‍ॅसे (गोळीतल्या औषधाचं मोजलेलं प्रमाण) 110 टक्क्यांच्या वर गेला की बॅच बाद.

जाता जाता : पेटंट संपलं तरी ट्रेडमार्क संपत नाही, दर 10 वर्षांनी वाढत राहतो. मूळ ब्रँडच्या जवळ जाणारं नाव ठेवू नका.

मी वकील नाही, सही करण्याआधी पेटंट एजंटला दाखवाच. पण त्या दुसऱ्या नोंदीवर बंद पडल्याची जी तारीख आहे ती इथे टाका, 18 महिने कधी भरतात ते मोजून सांगतो. तोवर फॉइलची ऑर्डर थांबवा.