वचन बरोबर, पण भाऊ दुरावला

प्रश्न : शेजारून गणपतीच्या प्रसादाचे मोदक आले, ते आम्ही खाल्ले. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका बंधूंनी हरकत घेतली, तेव्हा बायबल अभ्यासात सर्वांसमोर मी करिंथकरांस पहिल्या पत्रातून ‘मूर्ती काहीच नाही’ हे दाखवून दिले. तेव्हापासून ते प्रभुभोजनालाही येत नाहीत. माझे काय चुकले?

उत्तर : वचन बरोबर काढलेत, पण अध्याय पुरता वाचला नाहीत. आठव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात (८:४) पत्र लिहिणारा प्रेषित पौल तुमचेच म्हणणे मान्य करतो. मात्र त्याआधी, पहिल्याच वचनात, ज्ञान फुगवते आणि प्रीती उन्नती करते, असे बजावतो. सातव्या वचनात कारण येते : ज्यांना कालपर्यंत मूर्तीची सवय होती, त्यांना ते अन्न नुसते अन्न वाटत नाही. हे बंधू पहिल्या पिढीचे ख्रिस्ती असतील, तर त्यांना मोदकात गूळखोबरे दिसत नाही. जे सोडताना कदाचित घर, भावकी दुरावली, तेच पुन्हा ताटात आलेले दिसते. अशा भावासाठी पौल आयुष्यभर मांस सोडायला तयार आहे (८:१३).

आता समेटाचे. अशा वेळी बरेच जण मत्तयाच्या शुभवर्तमानातले १८:१५ उघडतात, पण ते भावाने आपल्याविरुद्ध अपराध केला असेल तेव्हाचे. तुम्हाला लागू आहे मत्तयातलेच ५:२३-२४ : अर्पण वेदीपुढेच ठेवा, आधी भावाकडे जा. म्हणून येत्या रविवारच्या आत त्यांच्या घरी जा, एकटेच. पाळकसाहेबांना सोबत नेलेत तर ती चौकशी वाटेल. ‘चारचौघांत तुम्हाला गप्प केले, ते माझे चुकले, क्षमा करा,’ एवढे बोलून थांबा. ‘वाईट वाटले असेल तर’ नको, आणि ‘पण’ मुळीच नको, त्या शब्दाने वाद पुन्हा पेटतो. मग त्यांना बोलू द्या. अपमान सर्वांसमोर झाला, तेव्हा त्यांची हरकत नसेल तर अभ्यासवर्गातही हेच दोन शब्द बोला.

मत बदलायची गरज नाही, ते देवासमोर आपल्यापाशी ठेवा (रोम १४:२२). त्यांच्यादेखत मात्र प्रसाद खाऊ नका. करिंथकरांस पहिल्या पत्रातच १०:२८ मध्ये नेमके हेच सांगितले आहे.

प्रत्येक वेळी गप्पच बसावे असे नाही. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावले (गलती २). तिथे माणसे दूर लोटली जात होती. इथे मोदक सोडल्याने कोणीच दूर जात नाही.

पहिल्या भेटीत ते मोकळे झाले नाहीत, तर व्हॉट्सअ‍ॅपवर वचने पाठवू नका. पंधरा दिवसांनी पुन्हा जा, चहा घ्या, घरच्यांची विचारपूस करा.