जर्मनीला वायरमन हवाय

प्रश्न: आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा कोर्स. चार वर्षं एमआयडीसीत काम. पदवी नाही. जर्मनीत घेतील का? (इचलकरंजी)

घेतील. तिथल्या कुशल कामगार कायद्यात मार्च 2024 पासून नवी वाट आहे: मायदेशी सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव. आधी जर्मनीकडून प्रमाणपत्र मान्य करून घ्यावं लागत नाही, पण हातात नोकरी हवी आणि पगार ठरावीक हवा (2025 साली वर्षाला 43,470 युरो, कामगार संघटनांशी झालेला वेतनकरार पाळणाऱ्या कंपनीला सूट). तुमच्या शेजारच्या वर्कशॉपमधला वेल्डर मात्र अडकतो. त्याचा ट्रेडच एक वर्षाचा! हात कितीही बसलेला असो.

या वाटेला कायद्याने जर्मन भाषेची अट नाही. तरी शिकाच. पॅनेल उघडं असताना कुणी ‘श्ट्रोम इस्ट आन’, म्हणजे करंट चालू आहे, असं ओरडला तर ते त्याच क्षणी कळायला हवं.

प्रश्न: मी जीएनएम नर्स. एजंट चार लाख मागतो, म्हणतो भाषा तिकडे गेल्यावर शिका. (लातूर)

त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. नर्सिंग तिथे परवान्याचा पेशा आहे. तुमचा अभ्यासक्रम तपासून काय कमी पडतं ते लेखी कळवतात. मग परीक्षा द्या किंवा रुग्णालयात काही महिने उमेदवारी करा. परवान्यासाठी बहुतेक ठिकाणी बी2 पातळीची, म्हणजे अडखळत न बोलता येईल इतकी, जर्मन लागते, आणि ती नाइट ड्यूटी करत शिकणं सोपं नाही. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव शोधा. जर्मन सरकारी संस्था केरळ सरकारबरोबर राबवतात त्या ‘ट्रिपल विन’ योजनेत तर नर्सकडून भरतीचे पैसेच घेत नाहीत.

प्रश्न: संधीकार्ड घेऊन तिकडे जाऊन नोकरी शोधू का? (नाशिक)

संधीकार्ड म्हणजे तिकडे जाऊन नोकरी शोधायचा परवाना. एक वर्ष मिळतं, आठवड्याला 20 तास अर्धवेळ काम चालतं. पण 2025 च्या हिशेबाने महिना 1,091 युरो खात्यात आधीच अडकवून ठेवावे लागतात. कर्ज काढून जाऊ नका.

प्रश्न: हे धोरण टिकेल का? (पुणे)

2000 साली तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर श्रोडर यांनी संगणकवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं. मुक्काम जास्तीत जास्त पाच वर्षं. त्याच वर्षी तिथल्या एका राज्याच्या निवडणुकीत ‘किंडर श्टाट इंडर’, भारतीयांऐवजी आपली मुलं, ही घोषणा गाजली. ठरवलेली 20,000 कार्डं काही पुरी गेली नाहीत. 2024 मध्ये त्याच जर्मनीने कुशल भारतीयांसाठी वर्षाला 90,000 व्हिसांची तयारी दाखवली, कारण साठीतली पिढी निवृत्त होतेय आणि तिच्या जागी यायला तेवढी तरुण माणसं नाहीत. गरज पक्की आहे. सरकारी टेबलांचा वेग मात्र जुनाच.