गिर्यारोहण क्लबबरोबर वसंतात पहिल्यांदाच जायचं आहे. एक दिवस डोंगरचाल, एक दिवस कातळ. मी मागे पडेन का? काय तयारी करू?

तुमच्या प्रश्नातली धास्ती अशी: रोज धावायची सवय आहे, क्लाइंबिंग वॉलवर भरपूर सराव झालाय, पण क्लबातली मुरलेली मंडळी झपाझप पुढे जातील आणि आपल्यासाठी सगळ्यांना थांबावं लागेल. याचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी देऊन टाकते. चांगल्या क्लबात चालीचा वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्यावर ठरतो. पुढे लीडर, अगदी शेवटी एक अनुभवी माणूस, नवे लोक मधे. धावणाऱ्यांची अडचण उलटीच असते. पहिल्याच चढाला ते जोर करतात, आतले कपडे घामाने भिजतात, आणि धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच्या अरुंद कडेवर, वारा लागला की तेच ओले कपडे अंगातली ऊब ओढून घेतात. तेव्हा पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश चाला, शेजारच्याशी बोलताना धाप लागणार नाही इतपत. तुम्ही मागे पडणार नाही.

काळजी करायचीच तर ऋतूची करा. वसंतात पायथ्याला एक ऋतू असतो आणि माथ्यावर दुसरा. खाली पालवी फुटलेली, ऊन कोवळं, सगळे एका शर्टावर. उंचीबरोबर हवेचं तापमान सरासरी दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याला १५ अंश असतील तर हजार मीटर वर आठ-नऊच उरतात, आणि वारा सुटला की अंगाला त्याहून बरंच गार लागतं. जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो तिथे तो खालून दिसेनासा झाल्यावरही सावलीच्या नाळांमध्ये (उतारावरच्या उभ्या, अरुंद खाचांमध्ये) आणि माथ्याखालच्या घळींमध्ये बरेच आठवडे तग धरून असतो. बहुतेक वेळा कस लागतो तो तिथे.

असा एक पट्टा डोळ्यांसमोर आणा. पाऊलवाट डोंगराच्या कुशीतून आडवी जातेय, मधे नाळ आहे, नाळेत वीस-पंचवीस पावलांचा बर्फ, आणि पलीकडे वाट पुन्हा स्पष्ट दिसतेय. काल दुपारी कुणीतरी गेल्याच्या खुणाही आहेत. काल दुपारी तो बर्फ मऊ होता, पाय रुतत होते. रात्रीतून तो गोठला आणि सकाळी त्या खुणांसकट कडक झालाय. साध्या बुटाची टाच त्यात शिरत नाही. अशा वेळी पलीकडची वाट बघत बसू नका, खाली बघा. घसरलो तर कुठे थांबू? खाली सौम्य उताराचं गवत असेल तर वेगळी गोष्ट. खाली धोंडे असतील किंवा उतार कड्यावर जाऊन संपत असेल, तर आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची छोटी कुऱ्हाड) आणि ती वापरून स्वतःला थांबवायचा सराव नसताना त्या पंचवीस पावलांवर जायचं नाही. वळसा घालायचा, नाहीतर परत फिरायचं. आणखी एक बघा: बर्फ जिथे कातळाला टेकतो तिथे तो आधी वितळतो, कारण दगड लवकर तापतो. खालून ओढा वाहत असेल तर वर नुसता पातळ पूल उरलेला असतो. त्या कडेला पाय टाकण्याआधी काठीने ठोकून बघतात ते यासाठी.

दुपारी सगळंच पालटतं. तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि उभ्या उतारावरचा ओला बर्फ स्वतःच्या वजनाने सुटू शकतो. रात्री आभाळ भरलेलं राहून बर्फ गोठलाच नसेल तर हा धोका सकाळपासूनच असतो. धारेवर वाऱ्याने बाहेर काढलेला बर्फाचा सज्जा असतो, त्याला कॉर्निस म्हणतात. वरून तो सपाट जमिनीसारखा दिसतो आणि त्याच्याखाली काहीच नसतं, म्हणून धारेवर कडेपासून बरंच आतून चालायचं. ओढ्यांचंही तसंच. दिवसभर वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली येतं, आणि सकाळी ज्या दगडांवरून कोरड्या पायाने ओलांडलात ते परतताना पाण्याखाली गेलेले असतात. परतीच्या वाटेवर ओढा असेल तर लीडर घाई का करतोय ते आता कळेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. क्लबाबरोबर जाण्याचा खरा फायदा म्हणजे निर्णय कसे होतात ते जवळून बघायला मिळतं. दोर, वाहन, सोबत हे सगळं आहेच, पण नुसतं पुढच्याच्या पाठीवरची सॅक बघत चाललात तर वर्षभर क्लबात राहूनही एकट्याने एखादा साधा डोंगर करता येणार नाही. अशी माणसं मी बघितली आहेत. उत्तम चालतात, पण काल कुठून गेलो होतो ते नकाशावर दाखवता येत नाही. लीडर थांबून नकाशा उघडतो तेव्हा जवळ जा आणि विचारा: आत्ता आपण कुठे आहोत, कशावरून ओळखलं, पुढचा टप्पा कुठला? कुणी चिडत नाही. बहुतेक लीडरना विचारलेलं आवडतं. लक्षात घ्या, क्लबचा लीडर हा बहुधा हौसेने जबाबदारी घेतलेला सभासद असतो, पैसे देऊन नेमलेला गाइड नसतो. तुमची काळजी तो घेतो, पण तुमच्या पायांचा आणि तुमच्या होकाराचा निर्णय तुमचाच राहतो. एखादी जागा झेपणार नाही असं वाटलं तर तिथे पोचण्याआधी सांगायचं. खाली बघून भोवळ यावी अशा अरुंद धारेच्या मधोमध सांगितलंत तर सगळ्यांचेच पर्याय कमी झालेले असतात.

वेळेचा हिशोब तुम्हीही आदल्या रात्री करून बघा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरतात: साधारण ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई असेल तर जेमतेम चार तास येतात. यात विश्रांती नाही, बर्फ नाही, सुट्या दगडमातीचा घसारा नाही, बुटाची नाडी बांधायला थांबणाराही नाही. दहा-बारा जणांच्या गटाला मी सहा-साडेसहा धरते. मग उजेड कधी संपतो ते बघायचं आणि मागे मोजत परत फिरायची वेळ काढायची. ही वेळ निघण्याआधी सगळ्यांसमोर बोलून ठरवलेली असावी. माथा अर्ध्या तासावर दिसत असताना ठरवायला गेलं की कुणीच परत फिरत नाही.

आता कातळाचा दिवस. वॉलवर सराव केलाय हे चांगलंच, पण तिथे होल्ड, म्हणजे हात-पाय टेकवायची पकड, बोल्टने आवळलेला असतो. इथे तो निघू शकतो, आणि वसंतात जास्तच. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. हिवाळाभर फटींमध्ये हे होत राहतं, बर्फ असतो तोवर सुटे झालेले तुकडे जागच्या जागी धरलेले असतात, आणि ऊन लागलं की सुटतात. म्हणून ऋतूच्या पहिल्या चढायांमध्ये प्रत्येक होल्डवर भार टाकण्याआधी तळव्याने थोपटून बघायचं. पोकळ, भदभद आवाज आला की तो सोडायचा. अगदीच वापरावा लागला तर बाहेर न ओढता खाली दाबून वापरायचा. खाली उभे असाल तर हेल्मेट घालूनच, आणि चढणाऱ्याच्या बरोबर खाली कधीच नाही. दगड सुटला तर आधी ओरडायचं, मग बघायचं.

चढाई सुरू करण्याआधीची तपासणी मात्र मिनिटभर खर्चून करा, प्रत्येक चढाईला, दमला असलात तरी. चढणारा आणि बिले देणारा, म्हणजे दोर धरून त्याला सांभाळणारा, समोरासमोर उभे राहतात. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे; त्याच्या पट्ट्याचं टोक बकलमधून परत ओढून घेतलंय का? आठाची गाठ पूर्ण आहे का, दोर हार्नेसच्या दोन्ही फासांतून गेलाय का, टोक हातभर उरलंय का? बिले डिव्हाइसमध्ये (दोर अडवणाऱ्या साधनात) दोर योग्य बाजूने आहे का, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक बंद आहे का? हे नुसतं बघायचं नसतं, हाताने दाबून आणि ओढून बघायचं असतं. आणि दोघांनी एकमेकांचं तपासायचं, कारण आपल्याच गाठीकडे बघताना डोळ्यांना जे असायला हवं तेच दिसतं. गप्पा मारत गाठ बांधणाऱ्याला गाठ पूर्ण होईपर्यंत बोलू देऊ नका. क्लबातला सगळ्यात ज्येष्ठ माणूस असला तरी त्याची गाठ तुम्ही तपासायची. तो आनंदाने दाखवेल.

दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायला विसरू नका. दोर ६० मीटरचा असेल तर तो वर अडकवून माणूस फार तर ३० मीटरवरून खाली सोडता येतो. मार्ग त्याहून लांब निघाला तर टोक बिले डिव्हाइसमधून निसटतं आणि माणूस पडतो. एका गाठीने हे टळतं. वाऱ्यात हाका ऐकू येत नाहीत, त्यामुळे 'बिले काढला', 'दोर घे' यासाठी दोराच्या ओढीच्या खुणा आधीच ठरवा, आणि आजूबाजूला दुसऱ्या जोड्या असतील तर हाकेला नाव जोडा.

वॉलवरची ग्रेड, म्हणजे मार्ग किती अवघड ते सांगणारा आकडा, बाहेर तशीच्या तशी लावू नका. फ्रेंच पद्धतीतली ६ए आणि ब्रिटिश तांत्रिक ग्रेडमधली ६ए यांत फार मोठं अंतर आहे, दुसरी कितीतरी अवघड. पुस्तकात कुठली पद्धत आहे ते विचारून घ्या, आणि पहिल्या दिवशी दोर वरून असलेल्या सोप्या मार्गांवरच चढा. वालुकाश्म असेल तर पाऊस थांबला म्हणून लगेच चढू नका. ओला असताना तो कमजोर होतो, होल्ड तुटतात, आणि तुटलेला होल्ड पुन्हा उगवत नाही. वरून कोरडा दिसणारा दगड आत ओला असतो, कधी दिवस-दोन दिवस.

आणि पक्षी. वसंत हा कड्यांवर घरटी करणाऱ्यांचा काळ. बहिरी ससाणा उघड्या कपारीत अंडी घालतो. आपण जवळ गेलो की मादी उठते, आणि अंडी गार पडतात. अनेक ठिकाणी या काळात कड्यांचे ठराविक भाग चढाईला बंद ठेवतात. हे बंधन मला मनापासून पटतं. आपल्याला दुसरा कडा मिळतो, तिला त्या वर्षी दुसरी कपार मिळत नाही. फलक नसला तरी एखादा ससाणा डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला तर तो मार्ग सोडून उतरायचं.

सामानाचं थोडक्यात: जलरोधक जॅकेट आणि पँट, एक जास्तीचा गरम थर पिशवीत कोरडा, टोपी, हातमोजे, हेडटॉर्च, पाणी, शिट्टी. बर्फ असेल तर गॉगल हवाच, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो आणि डोळे त्याच दिवशी संध्याकाळी त्रास देतात. दोर आणि हेल्मेट क्लबचं वापरणार असाल तर यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ) किंवा सीई (युरोपीय मानक) शिक्का बघा आणि किती जुनं आहे ते विचारा. कंपास आणि फोन एकाच खिशात ठेवू नका, सुई हलते. शिट्टीची खूण पाठ हवी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर येतं ते मिनिटात तीनदा. क्लिंटन डेंट यांनी १८९४ मध्ये मांडलेली ही पद्धत टॉर्चनेही चालते.

निघायच्या आठवड्यात लीडरला एक फोन करा. माथ्याखाली बर्फ किती आहे आणि आइस अ‍ॅक्स लागणार आहे का, परत फिरायची वेळ काय धरली आहे, आणि कातळाच्या दिवशी तुम्हाला कुणाच्या जोडीने चढायचं आहे, हे विचारा. बर्फाबद्दल त्यांनी 'बघू तिथे गेल्यावर' एवढंच म्हटलं, तर कातळाच्या दिवशी जरूर जा आणि चालीसाठी पुढची तारीख घ्या.