बेघर निवाऱ्यातील नोकरी आणि प्रार्थना

प्रश्न : मी महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात काळजीवाहक आहे. रात्री कोणी रडत असले की त्याच्याबरोबर प्रार्थना करावीशी वाटते. नोकरीच्या जागी हे योग्य ठरेल का?

उत्तर : त्याने स्वतःहून मागितली तर अवश्य करा, एरवी मनातल्या मनात करा, कारण ज्याचे रात्रीचे अंथरूण तुमच्या हाती आहे त्याला तुम्हांला नकार देणे जड जाते, आणि असा नाइलाजाचा होकार देवालाही नको असावा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांचा निवारा ठरवला, तो सर्वांसाठी. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातही भुकेला, उघडा, आजारी, परका यांचा उल्लेख येतो. त्यांच्या धर्माची चौकशी येत नाही. तुमची श्रद्धा दिसावी ती पिऊन आलेल्याशी बोलताना, पायाच्या चिघळलेल्या जखमेची पट्टी बदलताना आणि (माझ्या मते हे फार मोलाचे) नोंदवहीत ‘म्हातारा, अनोळखी’ असे न खरडता त्याचे पूर्ण नाव विचारून लिहिताना. आधारकार्ड नाही म्हणून कोणी दारातून परत जात असेल, तर व्यवस्थापकाशी वाद घालणे हीदेखील उपासनाच होय. चर्चला जाता यावे म्हणून रविवारची पाळी सहकाऱ्याशी बदलून घ्या. न जमल्यास संध्याकाळच्या उपासनेला जावे.